रिस्पेक्ट, इज्जत आणि लिहाज

हल्ली आमच्या घरात एक इंग्रजी शब्द फार फिरतो : रिस्पेक्ट. मुलांच्या रजेचा अर्ज 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होतो. मोबाइलवर कुणाचे चांगले काम दिसले की त्याखाली मुले नुसते 'रिस्पेक्ट' एवढेच लिहितात. मोठ्यांच्या बैठकीत कुणी 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणाले की समजावे, आता समोरच्याची खरडपट्टी निघणार. भांडणात तर हा शब्द थकलेल्या उधारीसारखा मागितला जातो. 'मला या घरात रिस्पेक्टच नाही,' असे सातवीतला मुलगाही म्हणतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या कुटुंबांना या अर्थाच्या शब्दांची टंचाई कधीच नव्हती. घरात वऱ्हाडी वळणाची उर्दू, बाजारात आणि शाळेत मराठी, त्यामुळे दोन्हीकडची पुंजी आमचीच. आदर, मान, मानपान तिकडचे. इज्जत, अदब, लिहाज इकडचे. त्यातही सरमिसळ आहेच. मराठी माणूस ज्याला 'अब्रू' म्हणतो, तो फारसीतला आबरू.

या प्रत्येक शब्दाचे काम मात्र वेगळे आहे. मोठे बोलत असताना मध्ये तोंड न घालणे ही अदब. अब्बा नमाजला उभे राहिले की कुणी न सांगता टीव्हीचा आवाज कमी होतो, तो लिहाज. आणि लग्नात ज्याच्यावरून रुसवेफुगवे होतात, तो मानपान.

सगळ्यांत वजनदार शब्द इज्जत. त्याच्यापुढे कोणते क्रियापद येते, यावर सारे अवलंबून असते. इज्जत 'जाते', इज्जत 'सांभाळतात', इज्जत 'करतात'. जाणारी आणि सांभाळायची इज्जत दागिन्यासारखी असते. ती खानदानाची असते, पण ओझे बहुधा घरातल्या मुलीच्या डोक्यावर. 'करायची' इज्जत मात्र समोरच्या माणसाची असते.

हा फरक आमच्या घरात एका रात्री उघडा पडला. मुलीला बारावीनंतर फार्मसी शिकायला अमरावतीला जायचे होते. चाचांचे म्हणणे, मुलगी एकटी होस्टेलवर राहणार, लोक काय म्हणतील, खानदानाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. मुलगी खालमानेने ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "चाचा, तुम मेरी इज्जत संभालते, पर मेरी इज्जत करते नहीं. मुझे एक बार पूछे भी नहीं, के मुझे क्या होना है." तिच्या आवाजात बेअदबी नव्हती. बैठकीत बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी दादी म्हणाल्या, "सही तो बोल रही. पूछो उसको." त्यानंतर प्रथमच तिला कॉलेजबद्दल, फीबद्दल, होस्टेलच्या नियमांबद्दल विचारले गेले. चाचा तिच्याबरोबर अमरावतीला जाऊन सारे पाहून आले. आज ती तिथेच शिकते आहे.

तिने जे मागितले, तेच या इंग्रजी शब्दाच्या मुळात आहे. रिस्पेक्ट ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ वळून पाहणे, पुन्हा पाहणे. आपला लिहाजही ज्या अरबी धातूतून आला, त्याचा मूळ अर्थ नजर टाकणे असाच आहे. एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना आदराची सुरुवात नजरेत दिसली! कुरआनमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात, त्यातही लोकांपासून गर्वाने तोंड फिरवू नकोस, असे सांगितले आहे. तोंड फिरवणे हाच अनादर, तर वळून पाहणे हा आदर.

नुसत्या 'तू' आणि 'तुम्ही'ने हे मोजता येत नाही. आपल्याकडे आईला प्रेमाने 'तू'च म्हणतात. उलट एखाद्या कचेरीत 'भाऊ, तुम्ही उद्या या' हे वाक्य कागदावरची नजर न उचलता सांगितले जाते. शब्द आदरार्थी असतो, पण बोलणाऱ्याने आपल्याला पाहिलेलेच नसते.

सन्मानाचा मोठा धडा आपल्या जिल्ह्याने जानेवारी 2019 मध्ये पाहिला. यवतमाळला 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले गेले आणि नंतर ते निमंत्रण मागे घेतले गेले. देशभर वाद झाला. पुढे 11 जानेवारीला संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. दिलेला सन्मान परत घेता येतो, हे त्या आठवड्यात दिसले. आणि जिच्याकडे एरवी पाठ फिरवली जाते, तिला पुढे बसवता येते, हेही दिसले.

पण व्यासपीठ एका दिवसाचे असते. आपल्या घरांतही हळदी-मेहंदीच्या वेळी विधवा फुफीला हलकेच मागे बसवतात. हे दीनने सांगितलेले नाही. प्रेषित (स.) यांच्याशी निकाह झाला तेव्हा हजरत खदीजा (र.) विधवाच होत्या. मग त्या फुफीच्या हातून पहिली हळद लावून घ्यायला काय हरकत आहे?

दिवाळीच्या सुमारास शेतात कापूस वेचायला बाया येतात. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर मोजला जातो. त्यांतल्या साठीच्या बाईला आपली मुले 'ए बाई' म्हणतात की 'मावशी', याकडे लक्ष द्यायला हवे. सलामची रीतही आपल्याला हेच शिकवते : वाहनावर बसलेल्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा. म्हणजे जो उंचावर आहे, त्याने आधी खाली पाहावे.

मुलांनी रिस्पेक्ट हा शब्द खुशाल वापरावा. फक्त तो घरात सर्वांत कमी कोणाला मिळतो, हे आपण मोठ्यांनी एकदा पाहावे आणि सुरुवात तिथूनच करावी.