साक्षीचा दिवा

आजोळचा वाडा पाडला गेला त्याला बरीच वर्षे झाली. त्याचे माजघर पुन्हा उभे करावे, आणि तेही दगडमातीने नव्हे तर फोनच्या पडद्यावर, ही कल्पना आम्हा दोघा भावंडांच्या डोक्यात आली ती आईसाठी. गुडघ्यांमुळे तिचे हिंडणे थांबले होते. निदान बोटाने तरी तिने आपल्या माहेरघरातून फिरावे, एवढाच हेतू. खेळ म्हणावा तर त्यात जिंकणे-हरणे नव्हते. चालायचे, थांबायचे, आणि जवळ गेले की कोनाड्यातला दिवा लागायचा.

काम आम्ही युनिटी या गेम-इंजिनच्या एडिटरमध्ये केले. तिथे तो दिवा फार सुरेख लागे. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर तांबूस उजेड पसरे, ज्योत स्वतःच्या तेजाने झळके. मग त्याचे बिल्ड केले, म्हणजे एडिटरशिवाय चालणारा स्वतंत्र प्रोग्राम बांधून फोनवर चढवला, आणि आईच्या हाती दिला. ती कोनाड्यापर्यंत गेली आणि थांबली. "एवढा काळोख नव्हता रे आमच्याकडे," म्हणाली. भिंत अंधारी होती आणि ज्योत विझल्या वातीसारखी निस्तेज.

"पण आमच्याकडे तर नीट दिसतंय!" हे आमचे पहिले उद्गार. आमच्यापैकी एकजण मराठी शिकवतो. निबंधाची वही परत घेताना विद्यार्थी "सर, मला असं म्हणायचं होतं" असे सांगतो, तेव्हा त्याला काय उत्तर मिळते हे आम्हांला चांगले ठाऊक होते. जे म्हणायचे होते ते कागदावर कुठे आहे?

तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरवून शोध सुरू केला. चित्राच्या दर्जाच्या पातळ्या प्रत्येक उपकरणासाठी वेगळ्या नेमता येतात. एडिटरमध्ये आमच्यासमोर 'अल्ट्रा' होती, फोनसाठी 'मीडियम'. एडिटरही 'मीडियम'वर आणला, आणि तोच काळोख तिथेही पसरला. निम्मे कोडे उलगडले. आम्ही वापरलेल्या 'बिल्ट-इन' पद्धतीत या पातळीनुसार, एका वस्तूवर किती दिव्यांचा उजेड बिंदूबिंदूला मोजायचा याची मर्यादा ठरते. 'अल्ट्रा'त ती चार होती, 'मीडियम'मध्ये एक. तो एकुलता मान दारातल्या कंदिलाने पटकावला. उरलेल्या दिव्यांचा उजेड फक्त शिरोबिंदूंपाशी मोजला गेला. आमची भिंत म्हणजे एक साधा चौकोन, तिचे शिरोबिंदू चारच आणि तेही कोपऱ्यांत. मधल्या कोनाड्यातल्या दिव्याचा उजेड तिथवर पोचतच नव्हता. दिव्याच्या मांडणीत महत्त्वाच्या जागी 'ऑटो' लिहिलेले होते. आम्ही तिथे 'इम्पॉर्टंट' निवडले आणि भिंत उजळली. ज्या दिव्यासाठी सारा खटाटोप मांडला, तो महत्त्वाचा आहे हे आम्ही कुठे नोंदवलेच नव्हते.

ज्योत मात्र अजूनही निस्तेजच. तिचे कारण अधिक सूक्ष्म निघाले. वस्तूच्या पृष्ठाचा रंग आणि चमक ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात. एका शेडरची अनेक रूपे असू शकतात. बिल्ड बांधताना, कोणत्याही मटेरिअलमध्ये न वापरलेली काही रूपे वगळली जातात. आमची ज्योत आरंभी विझलेली असे. ती पेटवण्याची आज्ञा खेळ चालू असताना कोडमधून जाई. एडिटरमध्ये सारी रूपे हाताशी, त्यामुळे आज्ञा फळे. बिल्डला मात्र पेटलेल्या ज्योतीचा पुरावाच कुठे दिसला नाही, म्हणून त्याने ते रूप घेतले नाही. यात दोष आमचाच. उपाय साधा होता. जमिनीखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आम्ही त्याच मटेरिअलची एक कायम पेटलेली ज्योत ठेवली. ती साक्षीला असल्यामुळे वरची पेटू लागली.

लिहिणाऱ्याचे मनही असेच एडिटर असते. तिथे सारे हाताशी असते: वास, आवाज, त्या दिवसाचे ऊन. म्हणून आपला मजकूर आपल्याला नेहमीच उजळ दिसतो. वाचकाच्या हाती त्यातले फक्त नोंदलेले तेवढे जाते. खाडाखोड करताना आपले लेखन परक्याच्या पातळीवर आणून वाचावे, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतः ते करायला मात्र आईच्या हातातला काळोख पाहावा लागला.

दुरुस्त केलेले बिल्ड घेऊन आम्ही पुन्हा तिच्यापाशी बसलो. या वेळी एडिटर आणि फोन यांत डोळ्यांना काही फरक उरला नव्हता. ती चालत गेली, दिवा लागला. बराच वेळ ती त्या उजेडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "छान आहे. पण दिवा या कोनाड्यात नव्हता, पलीकडच्या. यात आमची तपकिरीची डबी असायची."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतके दिवस ज्याला मूळ समजून ताडून पाहत होतो, तेही आमच्याच आठवणीचे एक बिल्ड होते. लॅपटॉप उघडला आणि तिला विचारले, "डबी कोणत्या रंगाची होती?"