वीस रुपये तास

२००५ साली प्रताप नगरात आम्ही चार पोट्टे एका खोलीत राहायचो. कापूस विकला की बाबा पैसे पाठवायचे. मेसवाल्या काकू खाड्याचे पैसे वजा करत, म्हणून आठवड्यात दोनदा जेवण बुडवायचं आणि सायबर कॅफेत वीस रुपये तासानं काउंटर-स्ट्राइक खेळायचं.

एका रात्री बाबा न कळवता आले, तुरीच्या शेंगांची थैली घेऊन. रूम पार्टनरनं त्यांना थेट कॅफेतच आणलं. माझ्या कानाला हेडफोन. ते किती वेळ मागं उभे होते, कोण जाणे. पडद्यावर माझा गडी आडवा झाला तसे बोलले,

"मेला का तू?"

"हो बाबा. पुढच्या डावात उठतो."

"बरं हाय. आपल्या पऱ्हाटीले नाही जमत थे."

तासाचे वीस त्यांनीच दिले. खोलीकडं येताना विचारलं, "जेवला का?"

"हो," म्हणालो.