शिळी डाळ आमदाराची आणि आपली

मंडळी, जुलै २०२५ मधला तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मुंबईत आकाशवाणी आमदार निवासाच्या कॅन्टीनची डाळ शिळी निघाली म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी कर्मचाऱ्याला मारहाण केली. तिचं समर्थन होऊच शकत नाही. कुणाला बुकलून डाळ ताजी होत नाही.

मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. दुसऱ्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाचं पथक तिथे पोचलं. नमुने घेतले आणि ठेकेदाराचा परवाना निलंबित केला. म्हणजे यंत्रणा आहे, अधिकार आहेत आणि ठरवलं तर वेगही आहे.

आता आपल्या चाळीसगावात या.

मागे एका हॉटेलात शेवभाजी खाताना तेलाचा वास खटकला. पैसे देताना विचारलं, अन्न परवाना कुठे लावलाय? गल्ल्यावरचा हसून म्हणाला, "भाऊ, तुम्ही पत्रकार ना? मग जेवण आपल्याकडून." प्रश्न परवान्याचा, उत्तर फुकट जेवणाचं! पैसे दिले, बिल मागितलं. कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून मिळाला.

इथेच सगळी गोम आहे. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. परवाना दिसेल असा लावायचा, हाही नियमच. पक्कं बिल नसेल तर उद्या पोट बिघडल्यावर तुम्ही तिथे जेवलात हे दाखवणार कशावरून?

कायदा आपल्याही हातात आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार साधा ग्राहकसुद्धा फी भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फक्त विकत घेतानाच तसं दुकानदाराला सांगावं लागतं. पदार्थ नापास झाला तर फी परत मिळते. आणि हो, गरम वडे वर्तमानपत्रात बांधून देणंही नियमात बसत नाही. पेपर वाचायला असतो, तेल टिपायला नाही.

पण आपण तक्रार का करत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मालक गावातलाच, लग्नकार्यात समोर येणार. "जाऊ द्या ना भाऊ, कशाला वाकडं घ्यायचं?" या जाऊ द्या मुळे नुकसान होतं ते रोज तेल बदलणाऱ्या, स्वयंपाकघर धुणाऱ्या प्रामाणिक हॉटेलवाल्याचं. त्याचा खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं.

आमदारांसाठी पथक एका दिवसात येतं. आपल्यासाठी ते यायचं असेल तर तक्रारीची नोंद हवी. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे १८००-२२२-३६५. फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि आठ दिवसांत काही हललं नाही तर तो क्रमांक मला पाठवा. पुढचा पाठपुरावा माझ्याकडे.