उलटी बाजू

लखनौच्या चौकात, गोल दरवाजापासून अकबरी दरवाजाकडे जाणाऱ्या बाजारामागच्या एका गल्लीत माझ्या ताईचे बिऱ्हाड आहे. गेल्या हिवाळ्यात मी पंधरा दिवस तिच्याकडे राहिले. सकाळच्या धुक्यात खाली मलई-मक्खनवाल्यांभोवती गर्दी जमे. घरात मात्र सारे हलक्या पावलांनी वावरत, कारण माझा भाचा नोकरीच्या मुलाखतीची तयारी करीत होता.

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची विद्या शिकून तो नुकताच अभियंता झाला होता. या क्षेत्रातील मुलाखत आपल्या परिचयाच्या मुलाखतीहून निराळी असते. बहुधा प्रथम घरबसल्या संगणकावर परीक्षा होते. तीत उतरलेल्याच्या एक-दोन तांत्रिक फेऱ्या होतात. परीक्षक दूर कोठेतरी बसून पडद्यावर पाहत असतो आणि उमेदवाराने त्याच्यादेखत आज्ञावली लिहावयाची असते. शेवटी वरिष्ठांशी संभाषण. दिवाळीपूर्वी एका कंपनीच्या तांत्रिक फेरीत भाचा अपयशी ठरला होता. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते एप्रिलपासून सुरू व्हावयाचे होते, आणि ताईचे यजमान त्याच सुमारास निवृत्त होणार होते.

"मावशी, उत्तर मला येत होतं," तो म्हणाला. "मध्येच माझी एक चूक मला दिसली आणि मी गप्प झालो. 'काय विचार करताय?' असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही नाही."

मी बी. ए. झालेली, मासिकासाठी भाषांतर आणि संपादन करणारी. संगणकाचे मला काय कळणार? तरी म्हटले, "तो प्रश्न मला समजावून सांग."

त्याने माझा शब्दकोश पुढे ओढला. कोशात लाख शब्द असले तरी ते पहिल्यापासून वाचीत जावे लागत नाहीत. कोश मधोमध उघडावा, हवा तो शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहावे, निम्मा भाग सोडून द्यावा आणि उरलेल्याचा पुन्हा मध्य गाठावा. असे फार तर १७ वेळा केले की शब्द हाती लागतो. संगणकही क्रमाने लावलेल्या यादीत असाच शोध घेतो.

"आणि शब्द कोशात नसेलच तर?" मी सहज विचारले.

तो थबकला. "तिथंच तर मी अडलो होतो!"

"एवढ्या सोप्या कामात चूक व्हावी?"

"मोठमोठ्यांची होते, मावशी." आणि त्याने हकीकत सांगितली. जोशुआ ब्लॉक या नामवंत तज्ज्ञाने जावा या संगणकभाषेसाठी हीच शोधाची आज्ञावली लिहिली होती. यादी शंभर कोटींहून मोठी झाली की मध्य काढताना होणारी बेरीज संगणकाने ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर जाई आणि शोध फसे. हा दोष सुमारे नऊ वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही. तो उघडकीस आल्यावर २००६ साली ब्लॉक यांनी स्वतःच त्याविषयी जाहीरपणे लिहिले.

मी निरुत्तर झाले. दोन वर्षांपूर्वी एका लेखाचे भाषांतर करताना मी 'मिलियन'च्या जागी 'दहा लाख' न लिहिता नुसते 'लाख' लिहिले होते. अंक छापून आल्यावर चूक मला दिसली; परंतु कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ही गोष्ट मी प्रथम त्या दिवशी, त्या मुलाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई जिन्यात चिकनचे काम करीत बसल्या होत्या. त्यांच्या बखिया नावाच्या टाक्यात दोरा कापडाच्या उलट बाजूने भरतात. सुलट बाजूवर त्याची नुसती सावली उमटते. भाचा ते निरखीत राहिला. मी म्हटले, "तुझ्या परीक्षकालाही उलटी बाजूच पाहायची असते. काम चौघांनी मिळून करायचं. त्यात चुकणाऱ्यापेक्षा चूक झाकणाऱ्याचं भय अधिक."

त्यानंतर रोज संध्याकाळी तो मला मराठीतून मोठ्याने विचार करून दाखवी. चुकाही न लपविता.

जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत झाली. दार बंद होते. ताई आणि मी जिन्यात बसलो होतो. आतून त्याचा आवाज आला, इंग्रजीत, पण स्वच्छ: इथे माझे चुकले, रिकामी यादी मी धरलीच नव्हती, पुन्हा तपासतो. ताईने माझा हात घट्ट धरला.

तेथे तो शेवटच्या फेरीपर्यंत पोचला. निवड झाली नाही. मार्चमध्ये एका लहान कंपनीने त्याला घेतले. पगार बेताचा, पण हप्ता भागतो.

परतल्यावर मी संपादकांसमोर तो जुना अंक ठेवला आणि ते पान उघडले. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. पुढील अंकात दोन ओळींचे शुद्धिपत्र छापून आले. ते मी कापून भाच्याला पाठविले आहे.