तसाच दुसरा गेम आहे का बे?

हॉस्टेलमध्ये काही प्रश्न अमर असतात. 'आज मेसमध्ये भाजी कोणती?', 'सबमिशनची तारीख पुढे गेली का?' आणि 'चार्जर आहे का रे तुझ्याजवळ?' गेल्या दोन वर्षांत माझ्यापुरती त्यात आणखी एकाची भर पडली आहे – 'दादा, सबनॉटिकासारखा दुसरा कोणता गेम आहे?' मी तो गेम पूर्ण खेळलोय हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ज्युनिअर मंडळी माझ्याकडेच येतात. खरं सांगायचं तर हाच प्रश्न मीही स्वतःला विचारत होतो. यंदा अंतिम वर्ष. 'जाता जाता मॅगझिनला काहीतरी दे' असा संपादक मंडळाचा तगादा लागला, तेव्हा म्हटलं, चला, या प्रश्नाचं उत्तरच एकदा नीट लिहून टाकू.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी (यात आमचे सर लोकही आलेच!) थोडक्यात सांगतो. सबनॉटिका हा अननोन वर्ल्ड्स या अमेरिकन कंपनीचा गेम. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तो अर्धवट अवस्थेत लोकांना खेळायला मिळाला आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण होऊन बाहेर आला. तुमचं अंतराळयान एका परग्रहावर कोसळतं. ग्रह जवळजवळ सगळा पाण्याचा. तुम्ही एका छोट्याशा बचाव-कुपीत तरंगत असता. खाली समुद्र, वर आभाळ आणि छातीत पंचेचाळीस सेकंदांची हवा. बस्स. पुढचं सगळं तुमचं तुम्ही बघायचं. मासे पकडा, पाणी बनवा, धातूचे तुकडे गोळा करा, त्यातून हत्यारं, मग छोटी पाणबुडी, मग पाण्याखाली घर... आणि हळूहळू खोल, आणखी खोल.

या गेममध्ये बंदूक नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक इथल्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी ठरवलं की आपल्या गेममध्ये बंदूक ठेवायची नाही. त्यामुळे समोर अक्राळविक्राळ काही आलं की तुमच्याजवळ फार तर एक चाकू असतो, आणि मुख्य उपाय एकच – पळा! दुसरी गोष्ट म्हणजे या गेममध्ये नकाशा नाही. कोपऱ्यात गोल चकती नाही, बाण नाही, 'इकडे जा' असं सांगणारं कोणी नाही. वाटल्यास स्वतः खुणेचे दिवे बनवून समुद्रात सोडायचे आणि त्यांच्या भरवशावर घरी परत यायचं.

आता मुद्द्यावर येतो. 'तसाच' गेम शोधायचा म्हणजे 'तसाच' म्हणजे नेमकं काय, हे आधी कळायला पाहिजे. मला आधी वाटलं, तहान. हसू नका! माझं घर यवतमाळ शहरात, कॉलेजसाठी मी पुसदला आलो. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकरांना विचारा. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. मी तेव्हा शाळेत होतो. गल्लीत ड्रम, कॅन, गुंड, घागरी यांची रांग आणि टँकर कधी येईल याची वाट बघत बसलेली माणसं. बाबा ड्युटीवरून आले की चपला न काढता आधी ड्रममध्ये वाकून बघायचे. किती बोटं पाणी उरलंय त्यावरून घरातला मूड ठरायचा.

पुढे हॉस्टेलमध्ये सबनॉटिका सुरू केला तर काय, सगळीकडे पाणीच पाणी आणि पडद्याच्या कोपऱ्यात तहानेचा आकडा खाली-खाली जातोय! समुद्राचं पाणी पिता येत नाही. एका प्रकारच्या माशापासून थोडं मिळतं, नाहीतर मीठ आणि पोवळ्याचा तुकडा घेऊन जंतुनाशक बनवायचं आणि त्यातून पिण्याचं पाणी. मी काय केलं, तर पाण्याखालच्या घरात कपाटं बांधली आणि बाटल्या भरून ठेवल्या. तीस, चाळीस, पन्नास. माझा रूममेट मागून बघत होता. म्हणे, "कायले एवढ्या बाटल्या जमा करून रायला बे? दोन-तीन त लागते." मी त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या गावाला नदीचं पाणी बारमाही आहे.

तर मला वाटलं, या गेमची मजा तहानेत आणि भुकेत आहे. आपण पडलो इंजिनिअर. प्रयोग करायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलपासून ऐकतोय. सबनॉटिकामध्येच भूक-तहान बंद करून खेळायची सोय आहे. त्या पद्धतीने नवा डाव सुरू केला. बाटल्या नाहीत, मासे भाजणं नाही. आणि गंमत म्हणजे अंधारात खोल उतरताना पोटात तसाच गोळा आला! म्हणजे भूक-तहान मला घरची वाटली हे खरं, पण गेमचा जीव दुसरीकडेच होता.

मग वाटलं, समुद्र असेल. म्हणून राफ्ट खेळलो. हा स्वीडनमधल्या तीन विद्यार्थ्यांनी शिकताना सुरू केलेला गेम, २०२२ मध्ये पूर्ण झाला. चार फळ्यांचा तराफा, सभोवार समुद्र, तहान, भूक, वर तराफा कुरतडणारा शार्क. चौघांनी मिळून खेळायला एकदम झकास. एका रविवारी आम्ही दुपारचं जेवणच विसरलो. पण त्यात तराफा वाढवण्याचं सुख जास्त. खाली काय असेल या विचाराने झोप उडत नाही. सबनॉटिकाचाच पुढचा भाग, बिलो झिरो, मे २०२१ मध्ये आला. तोच ग्रह, तसाच समुद्र, तशीच अवजारं. चांगला आहे, जरूर खेळा. पण तिथे उतरताना मला आधीच बरंच माहीत होतं. ओळखीच्या गल्लीत लाइट गेल्यावर चालावं, तसं झालं.

बाकीच्यांचंही थोडक्यात सांगतो. माइनक्राफ्ट सगळ्यांना माहीत आहे. ज्याला शोधण्यापेक्षा बांधण्यात रस आहे, त्याने दुसरीकडे जाऊच नये. डोन्ट स्टार्व्ह हा २०१३ चा गेम, कागदावर चितारल्यासारखा दिसतो आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतो. त्यात अंधार झाला आणि जवळ उजेड नसला की खेळ खल्लास. ज्यांचा जीव हळवा आहे आणि सेमिस्टर डोक्यावर आहे, त्यांच्यासाठी २०१९ चा अ शॉर्ट हाइक. एक छोटं पाखरू डोंगर चढतं, भूक नाही, मरण नाही, एका संध्याकाळी संपतो.

पण मला सबनॉटिकाच्या सगळ्यात जवळ वाटले ते दोन गेम, आणि दोन्हींत समुद्र हा विषयच नाही.

पहिला, द लाँग डार्क. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा, २०१७ मध्ये पूर्ण झालेला. भूचुंबकीय वादळाने वीज-यंत्रं बंद पडलेली, तुम्ही एकटे बर्फात. आम्हा यवतमाळकरांना बर्फ माहीत तो फक्त गोळ्यावाल्याचा, तरीही तो खेळताना मे महिन्यात थंडी वाजली! इथेही आयता नकाशा नाही. विझलेल्या शेकोटीतला कोळसा घ्यायचा आणि जिथे उभे आहात तेवढाच भाग त्याने कागदावर काढायचा. तोही उजेड बरा असला आणि हवा साफ असली तर. आणि एकदा मेलात की तो डाव पुसला जातो. के.टी.ची सोय नाही.

दुसरा, आउटर वाइल्ड्स. हा २०१९ मध्ये आला. सुरुवात झाली ती अलेक्स बीचम या विद्यार्थ्याच्या मास्टर्सच्या प्रबंधातून. (फायनल इयर प्रोजेक्टसाठी 'ऑटोमॅटिक पाण्याची टाकी' निवडणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) यात भूक नाही, तहान नाही, काही बनवायचं नाही. एक छोटी सूर्यमाला आणि एक खटारा यान. बावीस मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. यान सुधारत नाही, हत्यार वाढत नाही. वाढतं ते फक्त तुम्हाला काय ठाऊक आहे ते. म्हणूनच तो खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो.

इथे माझी ट्यूब पेटली. मला आवडत होतं ते 'ठाऊक नसणं'. कोणी न सांगता एखादी जागा आपली आपल्याला कळत जाते आणि ती कळेपर्यंत भीती वाटते, ती जोडी. तेव्हा माझ्या प्रिय ज्युनिअरांनो, तसाच गेम शोधायचा तर चित्रं बघून शोधू नका. तीन प्रश्न विचारा. नकाशा आयता मिळतो की आपला आपण करावा लागतो? पुढे जायला ताकद लागते की माहिती? आणि समोरच्या संकटाला मारायचं असतं की समजून घ्यायचं असतं? दोन उत्तरं जुळली तरी पैसे वसूल. मात्र घेताना सेलची वाट बघा.

हे लिहिताना मला सारखा आपल्याच जिल्ह्यातला एक खेळाडू आठवतोय. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला 'वॉकर' वाघ. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. त्याच वर्षी जूनमध्ये तो अभयारण्य सोडून निघाला आणि नऊ महिन्यांत महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे ३००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. प्रवास बहुतेक रात्रीचा. वाटेत रानडुक्कर, गुरं मारून पोट भरायचं. त्याच्या कॉलरवरून काढलेला नकाशा मी पाहिलाय, नुसत्या उलटसुलट रेघोट्या. आपण तो बघून 'वा, काय सफर केली!' म्हणतो. पण नकाशा आपल्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता. त्याला जागा हवी होती. मी दमलो की सेव्ह करून मेसमध्ये जायचो, त्याला ती सोय नव्हती.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. तो या जातीचा नाही, मारामारीचा आहे. पण मराठी मुलखात बसून जगाला खेळायला देता येतं एवढं त्याने दाखवलं. आमच्या कॉम्प्युटर शाखेच्या मित्रांनी कधीतरी टिपेश्वर ते ज्ञानगंगा असा गेम करावा. कपाशीची शेतं, हायवे, आटलेले नाले, आणि नकाशा अजिबात नाही. मी पहिला गिऱ्हाईक.

पुढच्या जूनमध्ये मीही पुसद सोडणार. नोकरी लागली तर पुणे, नाहीतर कुठे ते ठाऊक नाही. घरात आमच्याआधी कोणी इतकं लांब गेलेलं नाही, त्यामुळे 'तिकडे असं असते बाबू' असं सांगणारंही कोणी नाही. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "तिकडे पाण्याचं कसं आहे?"

असो. परवा फर्स्ट इयरच्या एका पोराने सबनॉटिका सुरू केला. माझ्या रूमवर येऊन म्हणे, "दादा, त्या तुटलेल्या जहाजाच्या मागे काय आहे?" रूममेट लगेच म्हणाला, "सांगून टाक ना बे त्याले, कायले भाव खातं!" मी फक्त म्हटलं, "स्कॅनर आधी बनव. आणि इअरफोन लाव."

काल रात्री साडेबाराच्या सुमारास कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून "आई गंऽऽ!" असा आवाज आला. दोन-तीन दारं उघडली, कोणाला विंचू निघाला काय म्हणून सगळे विचारू लागले. मी उठलो नाही. तो आत्ता कुठे पोचला ते मला बरोबर कळलं होतं, आणि खरं सांगू? थोडा हेवाच वाटला.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी