जर, तर आणि एक 'च'

गेली दोन वर्षे धारवाडात, माळमड्डीत, संध्याकाळी दहावीच्या चार मुलांना मी गणित शिकवते. त्यांची शाळा कन्नड माध्यमाची, घर मराठी. प्रमेयातले 'दत्त' आणि 'साधनीय' ती घडाघड म्हणतात. मराठीत त्यालाच पक्ष आणि साध्य म्हणतात, एवढे सांगितले की भाषेची अडचण मिटते. खरी अडचण 'तर' या दोन अक्षरांची.

'चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात.' मान्य. मग 'कर्ण समान असतील तर तो चौरस', हा व्यत्यासही सगळी बिनदिक्कत मान्य करतात! आयत काढून दाखवला की गप्प. युक्लिडने पायथागोरसचे प्रमेय पहिल्या पुस्तकात ४७वे घातले आणि त्याचा व्यत्यास ४८वा म्हणून निराळा सिद्ध केला, तो काही हौस म्हणून नाही.

पण मुलांना दोष कसा द्यावा? घरातले बोलणेच तसे. आई म्हणते, 'अभ्यास केलास तर लाईन बझारचा पेढा देईन.' अभ्यास न करताच पेढा मिळाला, तर आई खोटे बोलली का? तर्काने पाहिले तर नाही. न केल्यास काय, याबद्दल ती काही बोललेलीच नाही. मुले हसतात, कारण घरात 'तर' म्हणजे 'तरच'. कन्नडातही 'बंदरे' आणि 'बंदरे मात्र' यांत अंतर आहेच, पण बोलताना तो 'मात्र' उच्चारतो कोण? मराठीला तर नुसता 'च' पुरतो, आणि नेमका तोच आपण गिळतो.

परवा म्हटले, एखादे विधान तुमचे तुम्ही द्या. एक मुलगी म्हणाली, 'अभ्यास केला तर पास होतो.' व्यत्यास लगेच खोटा ठरला. कॉपीबहाद्दरांची नावे निघू लागली, ती मी थांबवली. मग दोन्ही बाजू नाकारून विधान उलटवले : 'नापास झाला तर अभ्यास केला नव्हता.' मूळ विधान खरे असेल तर हेही खरेच, असे मी सांगितले. कोपऱ्यातला मुलगा गेल्या वर्षी गणितात नापास झालेला. मान वर न करता तो म्हणाला, 'ताई, मी केला होता.'

कुणी बोलेना.

'मग मूळ विधानच खोटे,' मी म्हटले. 'खोटे ठरवायला एक उदाहरण पुरते.'

त्याने ते विधान वहीत उतरवून घेतले, पट्टी लावून त्यावर सरळ काट मारली आणि पुढचे प्रमेय काढले.