सेन्सर बदलून बघू!

मंडळी, मेकॅनिकलच्या पुस्तकात स्पीड सेन्सर हा प्रकार जेमतेम दीड पानात संपतो. चुंबक काढायचा, त्याभोवती कॉइल गुंडाळायची, समोर दातेरी चाक काढून बाणांनी नावं द्यायची, की चार मार्क खिशात. ओरलला सरांनी विचारलं की आपण पोपटासारखे सांगतो, "लोखंडी दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं." फॅरेडेने 1831 साली दाखवलेलीच गोष्ट. पण पोकलेन मातीच्या ढिगावर बंद पडलेली असते आणि सहा माणसं हाताची घडी घालून बघत असतात, तेव्हा या दीड पानाचं काय करायचं, हे मला दिवाळीच्या सुट्टीत मामामुळे कळलं.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत मराठी बोललं की पन्नास पैसे दंड असायचा (माझ्या एका मैत्रिणीने त्यात एका बाकाची किंमत तरी भरली असेल!). त्यामुळे इथे मराठीत लिहिताना हात अडखळतोय. सांभाळून घ्या.

आमचं घर शहापूरला आणि मामाचं गॅरेज मुरबाडला. मामा ऑटो इलेक्ट्रिशियन. पूर्वी जीप आणि टेम्पोच्या वायरिंगची कामं करायचा, आता जास्त करून पोकलेन, ग्रेडर, रोलर असली अवजड मंडळी त्याच्या वाट्याला येतात. याचं कारण आमच्याकडच्या कोणालाही विचारा. समृद्धी महामार्गाचं काम शहापूर तालुक्यातून गेलं तेव्हा डोंगराच्या डोंगर कापले गेले. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, पण छोट्यामोठ्या रस्त्यांची आणि मातीकामाची कामं काही थांबली नाहीत. आईला मात्र मी साइटवर गेलेलं आवडत नाही. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे सरळांबे इथे पुलाचं गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळून 20 माणसं गेली, तेव्हापासून ती मोठ्या मशीनचं नाव काढलं की एकच सांगते, "खाली उभी राहू नको." मीही नाही राहिले.

तर मशीन होती एक मध्यम पोकलेन. सरळगाववरून किन्हवलीकडे जाताना एका रस्त्याच्या कामावर. पावसाळाभर काम बंद होतं, त्यामुळे ती चार महिने भातशेताच्या कडेला ताडपत्री टाकून उभी होती. दसऱ्यानंतर सुरू केली आणि खोड सुरू झाली. सकाळी छान चालू व्हायची, तास-दोन तास खोदायची आणि मध्येच इंजिन बंद. कधी लगेच चालू व्हायची, कधी अर्ध्या तासाने. स्क्रीनवर कोड यायचा, एसपीएन 190, एफएमआय 2.

आता हा कोड कसा वाचायचा ते सांगते, कारण आपल्या लॅबमध्ये हे कोणी सांगत नाही. जे 1939 या प्रमाणात एसपीएन म्हणजे कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, आणि एफएमआय म्हणजे तक्रार कशा जातीची आहे. 190 म्हणजे इंजिनाचा वेग. एफएमआय 3 असता तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, 4 असता तर कमी, 8 असता तर फ्रिक्वेन्सी गडबडलेली. 2 म्हणजे सिग्नल येतोय पण तुटक, भरवशाचा नाही. मशीनचा कॉम्प्युटर दात मोजत असतो. चाकाला 60 दात असतील आणि इंजिन 1800 आरपीएमवर असेल तर सेकंदाला 1800 दात समोरून जातात. मोजणी तुटली की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो डिझेल तोडतो. काही इंजिनांत दुसरा सेन्सर वेळ मारून नेतो, इथे तसं होत नव्हतं.

या कोडमध्ये सेन्सर खराब आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी साइटवर तो दोनदा बदलून झाला होता. "सेन्सर बदलून बघू" हे वाक्य तिथे इतक्या सहज म्हणतात, जणू काही मेसमध्ये "भाजी नको, डाळ वाढा"! दुसऱ्या सेन्सरनंतरही मशीन बंद पडली, तेव्हा सुपरवायझरने निष्कर्ष काढला की ऑपरेटरच कामचुकार आहे, मुद्दाम बंद करतो. चार दिवसांची मजुरी कापली. ऑपरेटर काका मुरबाड तालुक्यातलेच, पन्नाशीचे. ते कोणाशीच बोलत नव्हते.

मामाने पेटी उघडली नाही. आधी काकांच्या शेजारी दगडावर बसला आणि तंबाखू मळत विचारायला लागला. "भाऊ, गरम झाली की बंद पडते का?" "नाय. थंडीतपण पडलीय." "खोदताना की चालताना?" काका जरा थांबून म्हणाले, "बकेट दगडाला अडली ना, धक्का बसला, की जाते. मातीत दिवसभर चालंल." हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे, पण ऐकून घेतं कोण? तापल्यावर कॉइल आतून तुटणं हा एक नेहमीचा रोग, तो या दोन वाक्यांत बाजूला पडला. उरला धक्का.

मग मामाने सेन्सर काढला. टोकावर लोखंडाचा बारीक बुरा दाढीसारखा चिकटला होता. चुंबकच तो, बुरा ओढणारच. जास्त साचला तर सिग्नल मंदावतो. फडक्याने पुसला. भोकात टॉर्च मारून समोर दातच आहे, दोन दातांमधली खाच नाही, हे बघून घेतलं. आट्यांचा सेन्सर दाताला टेकेपर्यंत फिरवतात आणि मग अर्धा-पाऊण आटा मागे घेतात. समोर खाच असताना कोणी टेकवला तर पुढचा दात येऊन टोकच उडवतो. आमच्या पुस्तकातल्या आकृतीत ही फट नुसती दोन बाणांनी दाखवली आहे.

मीटर लावला, कॉइल साधारण नऊशे ओहम. हलवून, ठोकून पाहिलं, आकडा जागचा हलला नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष. आता मजा. सेन्सर परत जोडला, चावी बंद केली, कॉम्प्युटरकडचा प्लग काढला आणि त्या टोकाला मीटर लावून माझ्या हातात दिला. "आकड्याकडं बघत ऱ्हा गो, पापणी हलवू नको." वायर जिथून जाते तिथून मामा ती वीतवीतभर दाबत, वाकवत निघाला. नऊशे, नऊशे, नऊशे. इंजिनाच्या मागच्या क्लिपपाशी आला आणि आकडा गायब! सोडली, परत नऊशे. मी एवढ्या जोरात ओरडले की मुकादमही धावत आला.

टेप सोलली तर आत उंदराने कुरतडलेली वायर. पावसाळ्यात शेतातले उंदीर उबेला मशीनमध्ये शिरतात. उघड्या तांब्यात पाणी जाऊन सगळं हिरवं झालं होतं, दोन-तीन तारा काय त्या तगून होत्या. धक्का बसला की त्या सुटायच्या आणि पुन्हा टेकायच्या. मामाने तेवढा भाग कापून टाकला, चांगली वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली आणि दोन्ही वायरींना एकमेकींचा पीळ परत घातला. मी विचारलं पीळ कशाला, तर म्हणाला, "मोकळ्या ठेवल्या तर आल्टरनेटरची कटकट पण ऐकतात त्या." नॉइज कॅन्सलेशनचं असं स्पष्टीकरण मी ओरलला दिलं तर सर काय करतील देव जाणे.

काकांनी मशीन चालू केली आणि मुद्दाम सगळ्यांत मोठ्या दगडाला बकेट लावली. एकदा, दोनदा, पाच वेळा. बंद पडली नाही. मग खाली उतरून त्यांनी कापलेला वायरचा तुकडा मागून घेतला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवला, हिशोबाच्या दिवशी दाखवायला.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मामाला फोन आला. चारपैकी दोन दिवसांची मजुरी मिळाली होती. उरलेल्या दोन दिवसांचं भांडण चालू होतं.